तोंड उघडत नाही, पण का? जबड्याच्या सांध्याची साडेतीन हजार वर्षं

आजच्या भागात लढाई नाही, किल्ला नाही, राजा नाही. आज आपण एका सांध्याचा इतिहास बघणार आहोत. हेडफोन काढू नका, फक्त दोन्ही हातांची बोटं कानाच्या अगदी पुढे, गालाच्या वरच्या टोकाला ठेवा आणि तोंड सावकाश उघडा, मग मिटा. बोटाखाली काहीतरी पुढे सरकून परत मागे गेलं ना? तोच जबड्याचा सांधा. डेंटिस्ट लोक त्याला टीएमजे म्हणतात.

मी मुरुडची. म्हणजे रायगडातलं जंजिऱ्याचं मुरुड नव्हे हं, रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं, हर्णैच्या शेजारचं, महर्षी कर्व्यांचं मुरुड. बीटेक झालं, आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. डॉक्टर नाही, त्यामुळे हा भाग ऐकून कुणी स्वतःवर उपचार करू नका. पण हा विषय का घेतला ते सांगते. माझ्या टीममध्ये एक जण जांभई देतो तेव्हा कानाशी कट्कन आवाज येतो. एक मैत्रीण सकाळी उठते तीच गाल आणि कानशिलं धरून. आणि गावाकडे माझ्याच वयाचा एक ओळखीचा मुलगा आहे, तो वडापाव बोटांनी तोडून, छोटे छोटे तुकडे करून खातो, कारण तोंडात घास जातच नाही. तिघंही एकच वाक्य बोलतात: "जबड्याला काहीतरी झालंय."

आमच्या धंद्यात याला म्हणतात एकच एरर मेसेज, तीन वेगळे बग. आणि जबड्याचा इतिहास वाचताना मला सगळ्यात जास्त जाणवलं ते हेच. औषध नव्हतं म्हणून माणसांचं नुकसान झालं, असं फार थोड्या वेळा दिसतं. नक्की काय बिघडलंय हे ठरवायच्या आधीच दुरुस्ती सुरू केली, तेव्हा मात्र फार मोठं नुकसान झालं.

आधी सांधा समजून घेऊ. गुडघा, कोपर हे बिजागरीसारखे चालतात. जबडा आधी बिजागरीसारखा फिरतो आणि मग अख्खा पुढे सरकतो. म्हणजे दार उघडता उघडता बिजागरीच चौकटीवरून पुढे यावी, तसं. खालच्या जबड्याचं गोल टोक आणि कवटीचा खळगा यांच्यामध्ये एक लवचीक चकती असते, ती गादीसारखी दोघांच्या मधून सरकते. शिवाय डावा आणि उजवा असे दोन सांधे एकाच हाडाला जोडलेले, त्यामुळे एक बिघडला की दुसऱ्यालाही भोगावं लागतं. बोलणं, चावणं, गिळणं, जांभई, हसणं, सगळं यावर. इतकी गुंतागुंत एका ठिकाणी असली की बिघाडही अनेक तऱ्हांचे होणार.

यातला सगळ्यात जुना ओळखलेला बिघाड म्हणजे जबडा निखळणं. मोठी जांभई दिली, तोंड उघडलं आणि मिटेचना. इजिप्तमध्ये सापडलेला एडविन स्मिथ पपायरस इसवी सनापूर्वी साधारण १६०० सालचा आहे. त्यातल्या पंचविसाव्या केसमध्ये असाच रुग्ण आहे. वैद्याने काय करायचं? अंगठे तोंडात घालून जबड्याच्या मागच्या टोकांवर ठेवायचे, बाकीची बोटं हनुवटीखाली, आणि जबडा मागे ढकलून जागेवर बसवायचा. पुढे ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावाने असलेल्या ग्रंथांतही जवळपास हीच रीत आहे.

आता आपल्याकडे येऊ. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अठ्ठाविसावा अध्याय वातरोगांचा आहे. तिथे तोंड उघडं राहिलेल्या माणसासाठी सांगितलंय: आधी जबड्याला शेक द्या, मग अंगठ्यांनी जबडा दाबा आणि तर्जनींनी हनुवटी वर उचला. आजही इमर्जन्सी विभागातला डॉक्टर मूळ कृती हीच करतो. हातात ग्लोव्ह असतात, अंगठ्यांना गॉझ गुंडाळलेलं असतं (जबडा जागेवर बसताना दात खाडकन मिटतात म्हणून), गरज पडली तर स्नायू सैल करायचं इंजेक्शन असतं. बाकी तेच.

पण मला चरकातलं त्याच्या पुढचं वाक्य जास्त आवडतं. ते म्हणतं की सैल झालेला जबडा जागेवर आणावा आणि ताठरलेला जबडा शेकून वाकवावा. म्हणजे सैल वेगळा, ताठर वेगळा. तक्रार तोंडाचीच, पण उपाय दोन.

सातव्या शतकाच्या आसपास वाग्भटाने अष्टांगहृदयात हे आणखी स्वच्छ लिहिलं. त्याने आजाराला नाव दिलं हनुस्रंस. हनू म्हणजे जबडा. कारणं तीन: जीभ फार खरवडणं, सुकं-कडक खाणं आणि मार लागणं. परिणाम दोन: तोंड उघडंच राहतं किंवा मिटलेलंच राहतं, आणि चावायला, बोलायला त्रास होतो. आजचे डॉक्टर याला ओपन लॉक आणि क्लोज्ड लॉक म्हणतात. वाग्भटाकडे एक्सरे नव्हता, त्याला चकती दिसलेली नव्हती, आणि सगळ्याचं मूळ त्याने वाताच्या प्रकोपात शोधलं. तेवढा फरक ठेवूनही निरीक्षण म्हणून ते पक्कं आहे. हा ग्रंथ अण्णा मोरेश्वर कुंटे या मुंबईच्या मराठी डॉक्टरांनी संपादित केला आणि १८८० साली निर्णयसागर छापखान्यातून छापून आला. पोथीतला जबडा असा पुस्तकात आला.

त्याच सुमाराला तिकडे स्कॉटलंडमध्ये गोष्ट पुढे सरकली. १८८७ साली एडिंबराच्या थॉमस ॲनंडेल या सर्जनने जबड्याचा सांधा उघडून, जागेवरून सरकलेली चकती टाके घालून परत बसवली आणि ते 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. म्हणजे "चकती सरकते, म्हणून आवाज येतो, म्हणून अडकतं" ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आठ वर्षांनी एक्सरे आला, पण त्यात हाड दिसतं, चकती दिसत नाही. त्यामुळे पुढची कित्येक दशकं डॉक्टर लोक अंदाजावर चालले.

आणि इथून गडबड सुरू होते.

१९३४ साली अमेरिकेत सेंट लुईसचे कान-नाक-घसा डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी ११ रुग्णांवरून एक सिद्धान्त मांडला. मागचे दात पडले की तोंड जास्त मिटतं, जबड्याचं टोक मागे सरकून कानाजवळच्या नसा दाबतं, आणि त्यामुळे कान दुखणं, आवाज येणं, चक्कर, डोकेदुखी. उपाय काय, तर दातांची उंची वाढवा. कॉस्टेन सिंड्रोम हे नाव जगभर गेलं. १९४८ साली शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिकर यांनी दाखवून दिलं की ज्या नसा दाबल्या जातात असं म्हणतात, त्या तशा दाबल्या जाण्याच्या जागीच नसतात. पण तोवर जबड्याचं दुखणं म्हणजे दातांच्या ठेवणीचा दोष, हे समीकरण पक्कं झालं होतं. दात घासून कमी करायचे, कॅप लावून उंच करायचे, सगळं तोंड नव्याने बांधायचं, असं बरंच झालं. लक्षात घ्या, दाताचं कवच एकदा घासलं की परत येत नाही.

१९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लास्लो श्वार्ट्झ यांनी वेगळं सांगितलं: बऱ्याच जणांचं दुखणं सांध्यातलं नसून चावण्याच्या स्नायूंचं असतं. १९६९ साली शिकागोच्या डॅनियल लॅस्किन यांनी ते पुढे नेलं. ताण आला की माणूस नकळत दात आवळतो, स्नायू थकतो, आखडतो, दुखतो. माझ्या मैत्रिणीच्या सकाळच्या गालदुखीची गोष्ट इथे जुळते. रात्री झोपेत दात आवळणं किंवा खाणं, दिवसा डेडलाइनला जबडा घट्ट.

मग लॅस्किन यांच्या गटाने १९७६ साली एक भन्नाट प्रयोग प्रसिद्ध केला. जबडा दुखणाऱ्या २५ रुग्णांना सांगितलं की तुमचे दात घासून नीट बसवतो. प्रत्यक्षात दात घासल्याचं नुसतं नाटक केलं, दातांचा आकार बदललाच नाही. २५ पैकी १६ जणांचं दुखणं पूर्ण किंवा जवळपास पूर्ण गेलं! याचा अर्थ दुखणं खोटं होतं असा नाही हं. कुणीतरी नीट ऐकून घेतलं, धीर दिला, मधे काही दिवस गेले, आणि स्नायू सैल झाले. कोड न बदलता फक्त रीस्टार्ट केल्यावर प्रोग्रॅम चालू लागला, तर "माझ्या बदलामुळे चालला" असं म्हणता येतं का?

पण धडा सगळ्यांनी घेतला नाही. १९७०च्या दशकात सांध्यात रंगद्रव्य सोडून एक्सरे काढणं रूढ होऊ लागलं, पुढे एमआरआय आला, आणि चकती एकदाची दिसली. सरकलेली चकती दिसली की ती दुरुस्त करायची, नाहीतर काढून टाकायची, अशी लाट आली. काढलेल्या चकतीच्या जागी काय बसवायचं? अमेरिकेतल्या व्हायटेक नावाच्या कंपनीचं प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचं इम्प्लांट १९८३ साली बाजारात यायला परवानगी मिळाली. टेफ्लॉन, म्हणजे नॉनस्टिक तव्यावरचंच. कल्पना ऐकायला झकास: गुळगुळीत पदार्थ, घर्षण नाही. पण जबडा दिवसभर चालतो आणि चावताना मोठा दाब पडतो. इम्प्लांट झिजलं, त्याचे बारीक कण सुटले, शरीराने त्यांच्यावर हल्ला चढवला आणि त्या हल्ल्यात आजूबाजूचं हाडच खाल्लं गेलं. हजारो रुग्णांच्या सांध्यात ते बसवलेलं होतं. १९९० साली कंपनीने दिवाळं काढलं, डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने धोक्याचा इशारा दिला आणि १९९१ साली इम्प्लांट परत मागवली गेली. ज्यांचा जबडा आधी नुसता कटकट करायचा, त्यातल्या कित्येकांवर पुन्हा पुन्हा ऑपरेशनं झाली.

आम्ही प्रोग्रॅममध्ये बदल करताना एक गोष्ट आधी विचारतो: बिघडलं तर परत मागे येता येईल का? रोलबॅक आहे का? जबड्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारायला वैद्यकाला विसावं शतक संपत आणावं लागलं. १९९१ साली डोरिट नित्झान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अडकलेला सांधा दोन सुयांनी नुसता धुऊन काढला तरी अनेकांचं तोंड उघडतं, चकती जागेवर न बसवतासुद्धा. १९९२ साली निदानाचे जागतिक निकष ठरले, २०१४ साली ते सुधारले. त्यात दोन बाजू आहेत: एकीकडे सांधा आणि स्नायू, दुसरीकडे ताण, झोप, दुखण्याचा मनावरचा परिणाम. दोन्ही तपासल्याशिवाय निदान पुरं होत नाही.

आणि २०२३च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आंतरराष्ट्रीय गटाच्या शिफारशी आल्या. दीर्घकाळच्या जबडादुखीसाठी ठामपणे पुढे केलेले उपाय म्हणजे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम, स्नायूंना हाताने दिलेले उपचार, मान-पाठीची ठेवण सुधारणं आणि सवयी व ताणावर काम करणारी बोलण्याची थेरपी. दातांच्या ठेवणीत कायमचा बदल करणारे स्प्लिंट आणि चकती काढून टाकणं यांना ठाम नकार. साध्या, काढता-घालता येणाऱ्या प्लेटबद्दलही फारसा उत्साह नाही. म्हणजे शेक, हात आणि सवय. चरकाच्या शेकापासून निघून, टेफ्लॉनला वळसा घालून आपण पुन्हा जवळपास तिथेच आलो, पण आता का ते माहीत आहे.

टीममधल्या मित्राच्या कट्कन आवाजाचं काय? दुखत नसेल, तोंड अडकत नसेल, तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाही. तसा आवाज खूप लोकांना असतो. आवाज एकदम बंद झाला आणि त्याच वेळी तोंड कमी उघडायला लागलं, तर मात्र दाखवायचं. तेव्हा चकती पुढे अडकलेली असू शकते.

आता तिसरा, गावाकडचा मुलगा. हा मात्र वरच्या सगळ्या इतिहासाच्या बाहेरचा आहे. त्याचा सांधा दुखत नाही, आवाज नाही, दात आवळत नाही. त्याचे गाल आतून पांढरे आणि कडक झालेत. तिखट लागलं की तोंडाची आग होते.

१९५२ साली केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी (हे वेगळे श्वार्ट्झ) असाच आजार नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्या रुग्णांवरून त्याला नाव दिलं: सबम्यूकस फायब्रोसिस. तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तराखाली दोरीसारखे तंतू साठत जातात आणि गाल आखडतो. सांधा ठणठणीत, पण दार बाहेरून बांधलेलं.

कारण शोधायला बराच वेळ गेला. सुरुवातीला तिखटावरही संशय होता. या कामात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. अणुविज्ञानासाठी ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत दंतसंशोधनाचा विभाग होता, हे मला हा भाग करेपर्यंत माहीत नव्हतं. डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे पिंडबोर्ग यांच्या गटाने घरोघरी जाऊन खेडेगावातल्या लोकांची तोंडं तपासली. महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची त्यांची पाहणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. एक लाख माणसांच्या तोंडात बॅटरी मारून बघायचं, हाताने नोंदी करायच्या, तेही पन्नास वर्षांपूर्वी! पुढच्या अभ्यासांतून बोट पक्कं सुपारीवर आलं. सुपारीतलं अरेकोलिन हे द्रव्य तंतू बनवणाऱ्या पेशींना चेतवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालच्या अहवालात सुपारीला कर्करोगकारक ठरवलं, तंबाखू नसलेल्या विड्यालासुद्धा. आणि फायब्रोसिस झालेल्या तोंडात कॅन्सरचा धोका जास्त असतो.

हे मुरुडात बसून बोलणं सोपं नाही. आमच्या किनाऱ्याला समुद्र आणि रस्ता यांच्या मधे नारळी-पोफळीच्या वाड्याच आहेत. सुपारी म्हणजे घरचं उत्पन्न, सुपारी म्हणजे पूजेतला गणपती, लग्न ठरलं की सुपारी फुटली. आजीच्या पानाच्या डब्यात अडकित्ता असायचा, दुपारी जेवण झालं की एक खांड. ती पिढी आणि आजची पुडी यात मात्र फरक आहे. १९७०-८०च्या दशकांत पानमसाला आणि गुटखा पुडीत आला. पान लावायला लागणारा वेळ गेला, पानही गेलं, उरली नुसती सुपारी, चुना, कात, सुगंध आणि गुटख्यात तंबाखू. शाळकरी मुलाच्या खिशात मावेल अशी, दिवसाला कितीही वेळा. वयस्कर माणसांत क्वचित दिसणारा आजार विशीतल्या मुलांत दिसू लागला. महाराष्ट्राने २०१२च्या जुलैमध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आणली. पुड्या तरी मिळतात का, हे ऐकणाऱ्यांना मी सांगायला नको.

यात सगळ्यात वाईट काय, तर अशी मुलं "दाढ येतेय", "जबडा आखडलाय" म्हणून शेकत बसतात. शेकाने स्नायू सैल होतो, तंतू विरघळत नाहीत. एकदा साठलेले तंतू पूर्ण मागे जात नाहीत, रोलबॅक नाही. पण लवकर थांबलं तर आणखी आवळणं थांबवता येतं. व्यायाम, गालातली इंजेक्शनं, आणि फार पुढे गेलं असेल तर ऑपरेशन करून तोंड काही प्रमाणात उघडता येतं. पण आधी पुडी बंद. आणि सुपारी बंद, "साधी" असली तरी.

तर मंडळी, ओळखायचं कसं? आरशासमोर उभे राहा. आपल्याच हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांच्या मधे जातात का बघा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० मिलिमीटर किंवा जास्त उघडतं. दोनच बोटं जात असतील तर दाखवा. कानापुढे दुखतं, आवाज येतो, मधेच अडकतं, तर सांध्याचा विचार. गाल-कानशिलं सकाळी जड, दिवसाच्या शेवटी दुखतात, तर स्नायूंचा. तोंडाची आग, आतून पांढरेपणा, हळूहळू कमी होत गेलेलं उघडणं आणि सुपारीची सवय, तर फायब्रोसिसचा. लहान मूल झाडावरून किंवा सायकलवरून हनुवटीवर पडलं आणि महिन्यामहिन्याने त्याचं तोंड कमी उघडत चाललं, तर थांबू नका. सांधा हाडाला चिकटू शकतो आणि मग हनुवटीची वाढच खुंटते. जखम झाल्यानंतर काही दिवसांत जबडा ताठ झाला तर तो धनुर्वात असू शकतो, तेव्हा तडक हॉस्पिटल. आणि तोंड उघडंच राहिलं तर घरी कुणी अंगठे घालू नका. चरकानेही ते वैद्याचंच काम ठेवलंय.

दाखवायचं कुठे? आमच्या बाजूच्यांसाठी दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे, खेडला डेंटल कॉलेज आहे. डेंटिस्टने पहिल्याच भेटीत दात घासायची किंवा सगळ्या कॅप बदलायची भाषा केली, तर शांतपणे विचारा: "हे नाही जमलं तर परत मागे येता येईल का?"

स्नायूंच्या दुखण्यासाठी डॉक्टर लोक जो सल्ला हमखास देतात, तो फुकट आहे: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल. जेवताना आणि गिळताना सोडून वरचे-खालचे दात एकमेकांना लागायचं कारणच नसतं. आत्ता, हे ऐकताना, तुमचे दात लागलेत का? सोडा बघू.

भेटू पुढच्या भागात.